चार बोटांचा हात

गंगाबाई पुकाळे गेल्या त्याला येत्या दसऱ्याला वर्ष होईल. म्हैसूरच्या पेपरात त्यांच्यावर चार ओळी आल्या नाहीत, आणि याव्यात असं त्यांनी काही केलंही नव्हतं. सरस्वतीपुरममधल्या एका आडव्या रस्त्यावर, नवऱ्याच्या आणि पुढे मुलाच्या शिवणाच्या दुकानामागे एक खोली होती. तिथे बसून त्यांनी पन्नासेक वर्षं आसपासच्या बायकांचे ब्लाऊज शिवले. त्यांच्याबद्दल आयुष्यात एकदाच काही छापून आलं, ते मी लिहिलं होतं, आणि ते चुकीचं होतं. नुसतं चुकीचं असतं तर चालून गेलं असतं, चुकीचं छापणारी विद्यापीठात मी काही एकटी नव्हते. पण माझ्या त्या चुकीपायी, स्वतःच्या नातीच्या लग्नात त्यांना बाजूला बसवायची वेळ आली. म्हणून हे लिहिते आहे. त्यांना विचारून लिहिते आहे. "मी हाय तोवर नको," एवढीच त्यांची अट होती.

मी मूळची साताऱ्याची. तीस-एकतीस वर्षांपूर्वी मानवशास्त्र शिकवायला म्हैसूरला आले, तेव्हा तोंडानं फटकळ होते आणि डोक्यात हवा होती. दोन्हीपैकी पहिलं अजून आहे. कन्नड येत नव्हतं, मित्रमंडळी नव्हती, आणि विभागप्रमुख दर आठवड्याला विचारायचे, "संशोधनाचं काय?" अशात एकदा ब्लाऊज शिवायला टाकायचा म्हणून दुकानात शिरले, आणि मागच्या खोलीतून मराठी ऐकू आलं. आमच्याकडच्यासारखं नव्हे. मध्ये मध्ये कन्नड, शेवटी एक हेल, पण मराठीच. परक्या गावात आपली भाषा कानावर पडली की माणूस उगाच हळवं होतं. मी आत गेले आणि खुर्ची नव्हती म्हणून पाटावर बसले.

गंगाबाई तेव्हा पन्नाशीच्या आत-बाहेर असतील. ठेंगण्या, काळ्यासावळ्या, बोलणं कमी. गळ्यात टेप असायची, पण ती शोभेला. माप त्या वितेनं घेत. पाठीवर वीत टेकवली, खांद्यावर दोन बोटं ठेवली, झालं. "टेप ताणली की ताणती, वीत ताणत न्हाई," असं म्हणत. ब्लाऊज बिघडल्याचं मी कधी ऐकलं नाही. त्यांचं घराणं मूळचं रंगाऱ्यांचं. कैक पिढ्यांपूर्वी मराठी मुलखातून इकडे आलेले, कापड रंगवायचं आणि त्यावर लाकडी ठशांनी छापायचं हा धंदा. गिरणीचं छापील कापड आलं, धंदा बसला, आणि कढयांच्या जागी शिवणाची मशिनं आली. नवरा रणोजीराव पँटी शिवायचा, या ब्लाऊज. मुलगा पवनकुमार तेव्हा कॉलेजात होता.

एकदा मला लेस दाखवायला त्यांनी पत्र्याची ट्रंक उघडली. लेसच्या वर घडी घातलेलं एक पिवळं कापड होतं, आणि त्या घडीवर तपकिरी-लाल रंगात एक हात उमटलेला होता. उजव्या हाताचा तळवा. बाईचा वाटावा इतका लहान. त्याला बोटं चारच होती. करंगळीशेजारचं बोट नव्हतंच, त्या जागी नुसतं बुडखं.

"हे काय हो?" मी विचारलं.

"माझ्या लग्नाचं कापड. आमच्या घरात नवरीच्या कापडावर हा हात छापतात."

"चारच बोटं?"

"हौदु, होय. चारच."

"का बरं?"

त्यांनी ट्रंकेतून लेस काढली, माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाल्या, "पद्धत हाय."

आमच्या धंद्यात 'पद्धत आहे' हे उत्तर धरत नाहीत. आम्ही पोरांना शिकवतो, की चिन्हाचा अर्थ चिन्हात नसतो, ते वापरणाऱ्या माणसांत असतो. म्हणून आधी माणसांना विचारा. आणि पुढचं वाक्य असतं, की ते सांगतील त्यावर डोळे मिटून विश्वासही ठेवू नका. मी पुढचं वाक्य तेवढं पक्कं पाठ केलं होतं. त्यात इंग्रजांच्या काळातल्या जुन्या नोंदी नुकत्याच वाचल्या होत्या. याच मुलखात, एका समाजात, बायका देवाला हाताच्या बोटाचं पेर देत असत, असं त्यांत होतं. तो समाज वेगळा, देव वेगळा, पण बोट ते बोट. काविळीच्या माणसाला जग पिवळं दिसतं. मला त्या पिवळ्या कापडावर कापलेलं बोट दिसलं.

गंगाबाईंना मी पुढे दोन-तीनदा विचारलं. दर वेळी 'पद्धत हाय'. शेवटी दुकानात जाऊन रणोजीरावांना विचारलं. ते पँटीला काज करत होते. दात दाखवत म्हणाले, "दिली असतील बायकांनी देवीला. पुरुषांनी दिली असती तर शिवणार कोण?" मी हे वहीत उतरवून घेतलं: सांगणाऱ्याचं नाव, वय, व्यवसाय, तारीख. तो माणूस हसत होता, हे मात्र लिहिलं नाही.

लेख इंग्रजीत छापून आला. चार बोटांचा हात म्हणजे देवीला बोट अर्पण करण्याच्या लुप्त प्रथेचा अवशेष, असं मी त्यात ठासून सांगितलं. पुढे बढती मिळाली, त्यात त्या लेखाचा मोठा वाटा होता. एक प्रत मी गंगाबाईंनाही नेऊन दिली. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. कापडाच्या फोटोवर त्यांनी हात फिरवला, आत काय लिहिलंय विचारलं नाही, आणि तो अंक ट्रंकेत ठेवून दिला.

त्यानंतर पाच वर्षांनी रणोजीराव हृदयविकारानं गेले. त्याच वर्षी त्यांच्या पुतणीचं लग्न होतं आणि मला बोलावणं होतं. लग्नाच्या आदल्या दिवशी कापड छापतात, ते मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. शिसवी लाकडाचा ठसा, मूठ तेलानं काळी झालेली. हळदीत चुना कालवला की लाल होते, त्यात डिंक घालून रंग केलेला. आणि तो ठसा उचलून नवरीच्या कापडावर दाबला कुणी, तर कपाळ मोकळं असलेल्या गंगाबाईंनी. नवरा जाऊन आठ महिने झाले होते. हळदीकुंकवाच्या ताटाला ज्या बाईनं हात लावलेला चालत नव्हता, तिच्या हातून नवरीच्या कापडाला पहिला रंग लागला, आणि एकाही बाईनं तोंड वाकडं केलं नाही.

मी हे पाहिलं. मला ते खटकलं. माझ्या लेखात ते कुठे बसत नव्हतं, म्हणून मी ते तिथेच सोडलं. माझी खरी चूक विचाराल तर ती हीच. आधीची चूक अडाणीपणाची होती, ही शहाणपणाची.

मग वर्षं गेली. मी निवृत्त झाले, लग्न केलंच नव्हतं, साताऱ्याला परत जाण्यासारखं कुणी उरलं नव्हतं, तेव्हा सरस्वतीपुरममध्येच राहिले. गंगाबाईंकडे जाणं-येणं चालू होतं. पवनकुमारनं दुकान वाढवलं. त्याची बायको कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेली. मुलगी दीपश्री तेव्हा इंजिनिअरिंगला होती. गंगाबाईंनी त्या दिवसांतही मशिन बंद ठेवलं नाही. नात रात्रंदिवस रडायची, आणि आज्जीच्या मशिनचा आवाज आला की जरा शांत व्हायची, असं मला तिनंच सांगितलं.

गेल्या वर्षी दीपश्रीचं लग्न ठरलं. मुलगा शरत तिच्याच कंपनीतला, समाजातलाच, घर बन्नीमंटपाकडे. त्याचे वडील सत्यनारायण बँकेतून निवृत्त झालेले. सज्जन माणूस, पण हातात मोबाईल आणि हाताशी वेळ. नव्या सोयऱ्यांचं आडनाव त्यांनी इंटरनेटवर टाकून पाहिलं, आणि त्यांना काय सापडलं असेल? माझा लेख. कुणीतरी जुने अंक स्कॅन करून ठेवले होते. साखरपुड्याच्या पंगतीत त्यांनी पवनकुमारला अगदी हळू आवाजात विचारलं, "तुमच्या घरात पूर्वी बायकांची बोटं कापायचे म्हणे?"

आठ-दहा दिवसांनी पवनकुमार माझ्या दारात उभा. हेल्मेट काखेत, चेहरा उतरलेला.

"मेडम, तुमी लिहिलेलं निज काय? खरंच कापायचे?"

मी सांगायला लागले की तो एक अंदाज होता, त्या काळात असे अंदाज करण्याची रीत होती, वगैरे. तो ऐकून घेत होता. मग त्यानं पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. नवा ठसा. हेब्बाळच्या कारखान्यात लेझरवर कोरून आणलेला. कडा कशा लख्ख, आणि बोटं पाच.

"हे करून आणलोय," तो म्हणाला. "विषयच संपला न्हवं? शरतच्या आईला पण पसंत पडलं. त्या म्हणाल्या, नवा ठसा हाय तर एखाद्या सुवासिनीच्या हातानं लावू, आज्जींना कशाला तरास."

"मग गंगाबाई काय म्हणाल्या?"

"त्येच तर सांगायला आलोय. आई कायच बोलेना. मशिन बंद करून बसलीय, तीन दिवस झाले. तुमाला बोलीवलंय."

त्या घरात मशिन बंद म्हणजे काय, हे मला माहीत होतं. चपला घातल्या आणि त्याच्या स्कूटरवर मागे बसले.

माफी मागायची हे वाटेत ठरवलं होतं. पण गंगाबाईंनी मला बोलूच दिलं नाही. पवनला दुकानात पाठवलं, दार ओढून घेतलं आणि ट्रंक उघडली. पिवळं कापड काढलं, जुना ठसा काढला, आणि तळातून माझा तो अंकही काढला. तिन्ही गोष्टी माझ्यासमोर मांडून त्या खाली बसल्या. वय एकोणऐंशी, पण मांडी घालून.

"यात काय लिवलंय, आता सांगा," त्या अंकावर बोट ठेवून म्हणाल्या.

मी सांगितलं. मराठीत सांगताना ते फार वाईट वाटत होतं. इंग्रजीत इतकं वाईट वाटलं नव्हतं.

"हं," त्या म्हणाल्या. "म्हणजे बोट कुठं गेलं ते शोधलासा तुमी."

आणि मग त्यांनी जे सांगितलं ते असं. मी ते त्यांच्या बोलण्यातलं जमेल तेवढं ठेवून लिहिते.

पूर्वी त्या घरात ठसा नव्हता. लग्नाच्या आदल्या दिवशी घरातली प्रत्येक बाई आपला उजवा तळवा मंजिष्ठेच्या लाल रंगात बुडवी आणि नवरीच्या कापडावर उठवी. जेवढ्या बायका तेवढे हात. त्या घरात दोन जावा होत्या. धाकटीचं नाव जानकीबाई. एकदा उकळत्या कढईतलं कापड काढताना जानकीबाईचं बोट ओल्या कापडाच्या पिळात सापडलं. ते भाजलं, चिघळलं, आणि शेवटी इस्पितळात काढून टाकावं लागलं. पुढं चार-पाच वर्षांनी तिच्याच लेकीचं लग्न निघालं. सगळ्या बायकांनी हात उठवले. जानकीबाई रंगानं भरलेला तळवा घेऊन पुढं आली, तर थोरल्या जावेनं तिचं मनगट धरलं.

"म्हणाली, नको. अपुरा हात. पोरीच्या कापडाला अपुरा हात नको."

जानकीबाई परसात गेली, तळवा धुतला आणि चुलीपाशी जाऊन बसली.

त्या दोघींची सासू दुसऱ्या खोलीत होती. तापट बाई, सुनांचा जीव खाणारी, जानकीबाईवर तर तिचा विशेष राग. तिनं येऊन कापड पाहिलं आणि हात मोजले. एक कमी. कुणाचा ते विचारावं लागलं नाही. तिनं ते कापड, तसंच ओलं, परसात नेऊन कढईत टाकलं. दुसरं कोरं पिवळं कापड घेतलं, चुलीपाशी गेली, जानकीबाईचा हात धरून रंगात बुडवला आणि कापडावर दाबला. तेवढाच. दुसरा कुणाचाच नाही. मग सगळ्यांसमोर म्हणाली, की आजपासून या घरातल्या प्रत्येक नवरीला हाच हात लागेल. आठ दिवसांत तिनं त्या हातावरून ठसा कोरून घेतला.

"आणि थोरलीला सांगितलं," गंगाबाई म्हणाल्या, "तू नको म्हटलीस, तूच हा लावायचा. तू, तुझी सून, सुनेची सून. कुणी विचारलं तर पद्धत हाय म्हणायचं. आणि सुनेच्या हातात ठसा देताना खरं काय ते तिला सांगायचं. नाव घेऊन."

मी विचारलं, "म्हणजे तुम्ही जानकीबाईंच्या वंशातल्या नाही?"

"अल्ल, न्हाई. ती थोरली जाव, ती माझ्या सासूची सासू." त्यांनी मला तिचं नाव सांगितलं. ते मी लिहीत नाही. "ती म्हातारी झाल्यावर माझ्या सासूला बोलली, मी नको म्हटलं होतं. सासू मला बोलली, आमी नको म्हटलं होतं. मी माझ्या सुनेला तसंच बोलले. लाज हाय ती, मेडम. लाज काय गावभर सांगतात? पण सांगितल्याबिगर राहतबी न्हाई."

दुकानातून पवनच्या मशिनचा आवाज येत होता. मी त्या ठशाकडे बघत बसले. तीस वर्षं मी त्या हातात नसलेलं बोट बघत होते. ज्याला नको म्हटलं तो हात अख्ख्या घरानं डोक्यावर घेतला होता, हे माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मला दिसलं नव्हतं. फार लाज वाटली. एवढी मोठी लाज पोटात ठेवून त्या बाईनं मला 'पद्धत हाय' म्हटलं होतं, आणि मी तिला अडाणी समजले होते.

"हे गेल्यावर," गंगाबाई नवऱ्याबद्दल बोलत होत्या, "मी सासूला म्हटलं, आता माझ्यानं ठसा कसा लावायचा? ती म्हणाली, हात तुझा कुठाय? जानकीचा हाय. तू नुसती धरणारी. म्हणून लावला. तेवीस वर्षं लावला. अष्टे, तेवढीच एक जागा होती बघा, जिथं मला कुणी बाजूला हो म्हटलं न्हाई." त्यांनी डोळ्यांना पदर लावला. "आता पवन पाच बोटाचा आणलाय. चांगला हाय, सुंदर हाय. त्या हाताला धरायला सुवासिनीच पायजे. बरोबरच हाय त्येंचं."

"पवनला सांगा ना हे सगळं!"

"सासूनं सुनेला सांगायचं हाय ते. सून गेली. दीपा लेक हाय, लेक दुसऱ्या घरची. कुणाला सांगू?"

"मग मला का सांगितलंत?"

त्यांनी कापडाची घडी परत ट्रंकेत ठेवली. "लग्नाला या, मग सांगते," एवढंच म्हणाल्या.

लग्न बन्नीमंटपाजवळच्या एका छत्रात होतं. म्हैसूरला मंगल कार्यालयाला छत्र म्हणतात. आदल्या दिवशी दुपारी कापड छापायला सगळे जमले. पाटावर पिवळं कापड अंथरलेलं, शेजारी वाटीत लाल रंग, आणि ताटात दोन ठसे. नवा पवननं ठेवला होता. जुना कुणी ठेवला ते मला विचारू नका. गंगाबाई भिंतीकडेच्या खुर्चीवर बसल्या होत्या. मी त्यांच्या शेजारी. ना सुवासिनी ना विधवा अशा माझ्यासारख्या बाईला लग्नघरात कुठं बसवावं हे कुणालाच कळत नाही, त्यामुळे मला भिंतीची सवय आहे.

सत्यनारायणरावांना माझी ओळख करून दिल्यावर ते उठून आले. नमस्कार केला. मनापासून म्हणाले, "मेडम, तुमचा लेख वाचलोय. आता तुमीच सांगा, शास्त्र काय म्हणतंय? चार बोटांचा अर्थ काय?"

पवनकुमार माझ्याकडे आशेनं बघत होता. मी एखादा बरासा अर्थ सांगावा, चार वेद, चार पुरुषार्थ, काहीतरी. सांगता आला असता. माझा तो धंदाच होता.

"लेखात मी चुकीचं लिहिलं आहे," मी म्हणाले. "या घरात कुणी देवीला बोट दिलं नाही. ज्यांच्या सांगण्यावरून मी लिहिलं ते माझी चेष्टा करत होते, आणि मला ती कळली नाही."

"मग खरा अर्थ?"

मला माहीत होता. आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या गोष्टीचा खरा अर्थ मला माहीत होता, आणि विचारणारा समोर उभा होता.

"पद्धत आहे," मी म्हणाले.

मागे कुणीतरी खुदकन हसलं. सत्यनारायणराव गोंधळले. पण त्यांच्या पत्नी, इंदुमतीबाई, पाटापाशी उभ्या होत्या, त्या समजावणीच्या सुरात म्हणाल्या, "पद्धत असू दे हो, मेडम. आमी कुठं न्हाई म्हणतोय? पण पोरीच्या कापडाला अपुरा हात कशाला? नको वाटतंय."

माझ्या शेजारची खुर्ची सरकली. गंगाबाई उठल्या होत्या. मला वाटलं, आता या निघून जाणार. पण त्या सावकाश चालत पाटापाशी गेल्या आणि इंदुमतीबाईंचं मनगट धरलं. रागानं नव्हे.

"या जरा आत," त्या म्हणाल्या.

दोघी शेजारच्या खोलीत गेल्या. दार लागलं. बाहेर सगळे एकमेकांकडे बघत राहिले. दीपश्रीनं माझ्याजवळ येऊन विचारलं, "आज्जीला राग आलाय का हो?" मी नाही म्हटलं. मला एव्हाना थोडं थोडं कळायला लागलं होतं. नको म्हणेल तिनं लावायचा. ती, आणि तिची सून. आणि उद्या सकाळी अकरा वाजता इंदुमतीबाईंची सून कोण होणार होती?

पाव तासानं दार उघडलं. इंदुमतीबाईंचे डोळे लाल झाले होते, नाक ओढत होत्या. त्या पाटावर बसल्या आणि ताटातला जुना ठसा उचलला. नवऱ्यानं काहीतरी विचारलं, तर त्याच्याकडे न बघता म्हणाल्या, "सुम्ने, गप बसा तुमी. पद्धत हाय."

गंगाबाई त्यांच्या उजवीकडे बसल्या आणि ठशाच्या मुठीवर आपला हात ठेवला. मग मान वर करून मला म्हणाल्या, "मेडम, या. तुमीबी नावं ठेवलासा."

बाकीच्यांना वाटलं, पाहुण्या बाईचा मान करताहेत. मी उठले. पाटापाशी गेले. खाली बसले आणि त्या दोघींच्या हातांवर माझा हात ठेवला. ठसा रंगात बुडवला, कापडावर टेकवला, आणि गंगाबाई म्हणाल्या, "दाबा. घट्ट." आम्ही दाबला. उचलला तेव्हा पिवळ्यावर लाल, लहानसा, चार बोटांचा हात उठला होता. दीपश्री वाकून बघत होती. तिला अजून काही माहीत नव्हतं. तिला ते तिची सासू सांगणार होती.

हात धुवायला आम्ही परसातल्या नळावर गेलो. हळद-चुन्याचा रंग लगेच जात नाही. गंगाबाई माझी बोटं एकेक करून चोळत होत्या, आईनं चोळावीत तशी.

"तुमाला सून न्हाई," त्या म्हणाल्या. "तुमी कुणाला सांगणार?"

मी म्हणाले, "मला लिहायला तेवढं येतं."

त्यांनी नळ बंद केला, पदरानं माझा हात पुसला. "मग लिवा. मी हाय तोवर नको. आणि लिवताना, नको म्हणणारी आमच्यातली होती ते आदी लिवा." दोन पावलं पुढं गेल्या आणि वळून म्हणाल्या, "आणि तुमीबी होता, ते लिवा."